सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही, स्कॅनरवर सहा कोड: आधी काय बघायचं

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचायचं असेल तरी कळेल. २००९ ची छोटी पेट्रोल गाडी, बाहेरनं बसवलेलं सीएनजी किट, गाडी चिपळूणला भर पावसात तीन आठवडे उघड्यावर उभी होती. आता सेल्फ मारला की इंजिन नीट फिरतं पण पकडत नाही. ब्लूटूथवाल्या छोट्या स्कॅनरवर पी०१०८, पी०११३, पी०११८, पी०१२३, पी०३३५ आणि पी०५६२ असे सहा कोड आलेत. एका ठिकाणी क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा) नवीन टाकून झाला, काही फरक नाही, आणि आता तिथं सांगतायत की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय, जुना बाजारातनं आणून बसवू.

थांबा. ईसीएम घेऊ नका, निदान हे वाचून दोन-तीन गोष्टी मोजल्याशिवाय तरी नका घेऊ. मी सांगलीला २६ वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय आणि खरोखर आतनं गेलेले ईसीएम मला या इतक्या वर्षांत मोजके भेटले, आणि त्यातले बरेचसे कुणीतरी बॅटरीचे चिमटे उलटे लावल्यामुळं किंवा पाण्यात बुडाल्यामुळं गेलेले होते. तुमचा स्कॅनर ईसीएमशी बोलतोय, कोड वाचून दाखवतोय, चावी ऑन केली की चेक लाईट लागते असंही तुम्ही लिहिलंय. म्हणजे ईसीएमला करंट मिळतोय, त्याचं डोकं जागेवर आहे. मेलेला माणूस तक्रार करत नाही हो, हा तर सहा तक्रारी करतोय.

आता त्या तक्रारी नीट वाचू. पी०१०८ म्हणजे मॅप सेन्सर, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा, त्याचं व्होल्टेज जास्त येतंय. पी०११३ म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान सांगणारा, त्याचंही जास्त. पी०११८ कूलंटचा सेन्सर, तोही जास्त. पी०१२३ थ्रॉटलचा, म्हणजे हवेची झडप किती उघडलीय ते सांगणारा, तोही जास्त. दिसलं का काय ते? चार वेगवेगळे सेन्सर, चार वेगवेगळ्या जागा, आणि चौघांची तक्रार एकच, व्होल्टेज वर चढलंय. चार सेन्सर एका दिवशी एकाच पद्धतीनं मरत नाहीत. ते चौघं जे काही वाटून वापरतात, ते गेलंय.

ते काय वाटून वापरतात तर सेन्सरची अर्थिंग वायर. ही बॉडीची अर्थिंग नाही, ही वेगळी. ईसीएममधनं एक अर्थिंग बाहेर येते, साधारण काळी किंवा त्यावर पट्टी असलेली, रंग गाडीगाडीला बदलतो, आणि वायरिंगच्या पोटात कुठंतरी ती एका जोडापाशी येऊन तिथनं फाटे फुटून एकेका सेन्सरला जाते. कूलंटचा सेन्सर घ्या. ईसीएम आतनं एका रेझिस्टन्समधनं ५ व्होल्ट सोडतो, सेन्सर ते अर्थिंगकडं ओढतो, पाणी जितकं गरम तितकं जास्त ओढतो, आणि मधे जे व्होल्टेज उरतं त्यावरनं ईसीएम तापमान ओळखतो. आता अर्थिंगच तुटली तर ओढणार कोण? व्होल्टेज ५ लाच लटकून राहतं. ईसीएम म्हणतो उणे ४० डिग्री, वायर तुटली दिसतेय, आणि टाकतो पी०११८. हवेच्या सेन्सरचं असंच, थ्रॉटल आणि मॅपचंही व्होल्टेज वर जाऊन बसतं. याच्या उलट जर ५ व्होल्टची सप्लाय वायर कुठं अर्थ झाली असती तर मॅप आणि थ्रॉटलचे कोड व्होल्टेज कमीचे आले असते, पी०१०७ आणि पी०१२२, आणि तापमानाचे दोन सेन्सर बहुधा गप्प बसले असते कारण त्यांना ती सप्लाय लागतच नाही. म्हणून नुसतं कोणता सेन्सर हे न बघता जास्त का कमी हे बघायचं, ते कोडच्या शेवटच्या आकड्यात लपलेलं असतं आणि बहुतेक लोक तिथपर्यंत वाचतच नाहीत.

आता पी०३३५. तुमच्या क्रँक सेन्सरला तीन वायरी आहेत का दोन, हे तुम्ही लिहिलेलं नाही, ते बघा. दोन असतील तर तो साधा गुंडाळीचा, चुंबकावर चालणारा. तीन असतील तर हॉल टाईप, त्याला सप्लाय लागते, अर्थिंग लागते आणि तिसरी सिग्नलची. तीनवाला असेल आणि त्याची अर्थिंग त्याच जोडावर असेल तर सगळं एका माळेत बसतं: अर्थिंग गेली, क्रँकचा सिग्नल गेला, आणि क्रँकचा सिग्नल नाही म्हणजे ईसीएमच्या लेखी इंजिन फिरतच नाहीये. मग तो स्पार्क देत नाही, इंजेक्टर उघडत नाही, आणि चावी ऑन केल्यावर टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून बंद होतो तो परत चालू होत नाही. अशा गाड्या माझ्याकडं टोचन करून येतात तेव्हा त्यात बऱ्याचदा नवीन कॉइल, नवीन प्लग, नवीन पंप सगळं बसवलेलं असतं, मालकाचे पैसे गेलेले असतात आणि गाडी आहे तिथंच. बाकीचे तीन-चार सेन्सर गेले तरी ईसीएम अंदाजपंचे आकडे धरून गाडी कशीतरी चालवतो, पण क्रँकला पर्याय नाही, जुन्या गाड्यांत तर नाहीच.

पी०५६२ सोडून द्या, ते बॅटरी कमी पडल्याचं. तीन आठवडे उभी गाडी, वर रोज थोडा थोडा सेल्फ मारून बघितलेला, त्यामुळं ते येणारच. पण बॅटरी मात्र सोडू नका, कारण १० व्होल्टच्या खाली मोजलेल्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. गाडी दोन तास तशीच ठेवून मीटर लावा. १२.६ च्या आसपास पाहिजे, १२.२ असेल तर निम्मी उतरलीय, आधी चार्जरवर लावा. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर पुढचं काही करू नका, आधी बॅटरीचं बघा. आणि त्याच वेळी एक काम करा, मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशावर, टर्मिनलवर नाही बरं का, आतल्या शिशाच्या खुंटीवर, आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर इंजिनची मोठी अर्थिंग पट्टी गंजलीय किंवा ढिली आहे. कोकणातल्या गाड्यांत हे फार बघतो मी, खाऱ्या हवेनं पट्टी वरनं चांगली दिसते आणि आत हिरवी पावडर झालेली असते.

आता कोडबद्दल एक. तुम्ही जे सहा कोड वाचले ते सगळे आजचे असतीलच असं नाही. ईसीएम जुन्या तक्रारी पण साठवून ठेवतो, मागच्या वर्षी कुणी सेन्सरचा कपलर (वायरीच्या टोकाचा प्लग) काढून ठेवलेला असताना चावी ऑन केली असेल तरी कोड राहिलेला असतो. म्हणून आधी सगळ्यांचा फोटो काढा, सोबत फ्रीझ डेटा, म्हणजे कोड पडला त्या क्षणीचे आकडे, दाखवत असेल तर त्याचाही काढा, मग कोड पुसा, चावी बंद करून परत ऑन करा, काही न करता वाचा. मग १० सेकंद सेल्फ मारा आणि परत वाचा. चावी ऑन केल्या केल्या जे परत आले ते वायर तुटलेली किंवा शॉर्ट असल्याचे, आणि सेल्फ मारल्यावर जो आला तो फिरतानाचा. माझा अंदाज, तुमच्यात चार लगेच येतील आणि पी०३३५ सेल्फनंतर. असं झालं तर आपण बरोबर रस्त्यावर आहोत.

स्कॅनरविषयी पण सांगून ठेवतो कारण यावरनं फार लोक फसतात. आपल्याकडं ओबीडी, म्हणजे गाडीनं स्वतःचे बिघाड ओळखून कोड टाकायची सोय, सक्तीची झाली ती भारत स्टेज ४ या प्रदूषणाच्या नियमाबरोबर, २०१० च्या एप्रिलपासनं, आणि तेव्हा ती १३ शहरांपुरती होती, आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर, बाकी देशात भारत स्टेज ४ पोचायला २०१७ उजाडलं. ओबीडीचा दुसरा टप्पा २०१३ पासनं. तुमची गाडी २००९ ची म्हणजे त्याच्या आधीची. १६ पिनांचा कपलर असतो खरा, पण आतली भाषा प्रत्येक कंपनीची आपापली, त्यामुळं स्वस्त स्कॅनर कधी जोडतच नाही, कधी अर्धेच कोड दाखवतो. पी नंतर ० असेल तर त्याचा अर्थ सगळ्या कंपन्यांत एकच, पण पी नंतर १ असेल तर तो कंपनीचा खाजगी कोड, ॲप त्याला भलतंच नाव देतं आणि माणूस भलताच पार्ट आणतो. तुमचे सहाही शून्यवाले आहेत, त्यामुळं त्यांच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. आणखी जुनी गाडी असली, सुझुकी इंजिनवाली पहिली पहिली एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाली) वगैरे, तर तिथं स्कॅनरशिवाय डायग्नोसिसची पिन अर्थ करून चेक लाईटची उघडझाप मोजायची, एक झाप मग दोन झाप म्हणजे १२, म्हणजे ठीक.

आता मुख्य काम. एक साधा डिजिटल मीटर पाहिजे, टेस्ट लॅम्प नको. बल्बवाला टेस्ट लॅम्प सेन्सरच्या वायरींवर अजिबात लावू नका, तो एवढा करंट ओढतो की आतलं काही जायचं, मग ईसीएम गेला हे खरंच होईल.

कूलंट सेन्सरचा कपलर काढा. थर्मोस्टॅटच्या जवळ असतो, दोन पिनांचा, बऱ्याचदा हाताला सहज लागतो. चावी ऑन, इंजिन बंद. कपलरच्या दोन पिनांमधे व्होल्टेज मोजा. ५ च्या जवळ यायला पाहिजे. ५ आलं तर माझा अंदाज चुकला, मग प्रत्येक सेन्सर सुटा सुटा बघावा लागेल. शून्य किंवा काहीतरी तरंगतं आलं तर मीटरची काळी पिन काढून थेट बॅटरीच्या मायनसला लावा आणि लाल पिननं कपलरच्या दोन्ही पिना एकेक करून बघा. एका पिनेवर ५ आलं आणि दुसरीवर काहीच नाही किंवा बाकी सेन्सरमधनं उलटं येणारं काहीतरी तरंगतं, तर झालं, सिग्नल ठणठणीत आहे आणि अर्थिंग तुटलीय. हाच खेळ थ्रॉटल सेन्सरच्या कपलरवर करा, तीन पिना असतात, तिथंही अर्थिंगवाली पिन तुम्हाला सापडेल.

आता खात्री करायची पद्धत. कूलंटच्या कपलरमधली जी अर्थिंगची पिन तुम्ही ओळखली, तिच्यातनं एक बारीक वायर थेट बॅटरीच्या मायनसला घ्या. बाकी सगळे कपलर जागेवर. जोडापासनं ईसीएमपर्यंतची वायर तुटलेली असेल तर या एका वायरीनं सगळ्या सेन्सरना अर्थिंग मिळेल, कारण ते सगळे त्याच जोडावर आहेत. सेल्फ मारा. गाडी चालू झाली तर तुम्ही बिघाड पकडला, पाच पैसे खर्च न करता. मी हे कूलंटच्याच कपलरवर करायला सांगतोय त्याला कारण आहे, इथं चुकून दुसऱ्या पिनेला वायर लावली तरी ईसीएमला फक्त पाणी फार गरम झालंय असं वाटेल आणि आणखी एक कोड पडेल, नुकसान काही नाही. थ्रॉटलच्या कपलरवर हे करू नका, तिथं ५ व्होल्टची सप्लाय असते आणि ती अर्थ झाली तर नको ते व्हायचं. आणि ही वायर कायमची ठेवू नका. सेन्सरची अर्थिंग इंजिनच्या अर्थिंगपासनं वेगळी ठेवतात ती उगाच नाही, सेल्फ आणि अल्टरनेटरचा करंट त्या रस्त्यानं गेला की सगळ्या सेन्सरचे आकडे हलायला लागतात आणि गाडी झटके देते.

मग जोड शोधायचा. २०१९ च्या पुरानंतर आमच्याकडं सांगलीत वर्षभर अशा गाड्या येत होत्या, पाणी सीटपर्यंत गेलेलं, वरनं सुकवलेली, महिनाभर चांगली चाललेली आणि मग एक दिवस बंद. त्यातली एक मला अजून डोळ्यासमोर आहे. तिलाही असेच सगळे जास्तवाले कोड होते. मी एअर फिल्टरच्या डब्याखालनं जाणारी वायरिंग सोडवली, वरची पन्हळी नळी कापली, आत काळी टेप. टेप बोटानं चाचपत गेलो तर एका ठिकाणी जराशी फुगलेली आणि दाबली की मऊ लागत होती. ब्लेडनं उभी चीर दिली. आत पाच वायरी एका पितळी पट्टीत दाबून जोडलेल्या, आणि त्या पट्टीवर मोरचुदासारखा निळा-हिरवा थर, पाण्याचा एक थेंब अजून आत होता, इतक्या महिन्यांनी. ईसीएमकडं जाणारी वायर मी फक्त ओढली तर माझ्या हातात आली. चार वायरी चांगल्या होत्या, पाचवी गेलेली. त्या माणसाला ईसीएमचा भाव सांगून झाला होता आणि तो कर्ज काढायच्या तयारीत होता.

तुमच्यात तो जोड कुठं आहे ते मला इथनं सांगता येणार नाही, गाडीगाडीला जागा वेगळी. पण शोधायची जागा ही: इंजिनची वायरिंग जिथं फायरवॉलमधनं, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातनं, आत जाते तिथपासनं सेन्सरना फाटे फुटतात तिथपर्यंत, आणि त्यातही जिथं पाणी साठतं किंवा खाली वाकण आहे तिथं आधी. बॅटरीच्या ट्रेखालनं वायरिंग जात असेल तर तिथं ॲसिड पण उतरतं. उंदरांचं पण बघा, पावसात उभी गाडी म्हणजे त्यांचं घरच, कुरतडलेल्या इन्सुलेशनचा भुगा, लेंड्या, कागदाचे कपटे दिसले तर तिथनंच सुरुवात करा. चावी ऑन ठेवून मीटर लावून ठेवा आणि वायरिंग हातानं थोडी थोडी हलवत जा, आकडा उडी मारला की हात तिथंच थांबवा.

आणि सीएनजी किट. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं पण कदाचित पहिलं हेच निघेल. सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) किट बसवताना बसवणारा इंजेक्टरच्या वायरी कापतो, आरपीएमची वायर घेतो, मॅपवर टॅप मारतो, आणि काही जण किटची अर्थिंग जवळ मिळेल त्या काळ्या वायरीला पिळून वर टेप गुंडाळतात. ती काळी वायर सेन्सरची अर्थिंग निघाली तर दहा वर्षांनी तिथंच गंज धरतो. म्हणून किटची वायरिंग जिथं जिथं मूळ वायरिंगला भेटते ती प्रत्येक जागा उघडून बघा, नुसतं पिळून टेप मारलेलं दिसलं की संशय घ्या. किटचा फ्यूज काढून पण एकदा सेल्फ मारून बघा, बहुतेक किटमधे फ्यूज काढला की गाडी निव्वळ पेट्रोलवर येते. आणखी एक, तुमची गाडी चालू पेट्रोलवर होते आणि गरम झाल्यावर गॅसवर जाते. कायम गॅसवर चालवणारे लोक टाकीत दोन लिटर पेट्रोल वर्षभर ठेवतात, त्याचा डिंक होतो आणि पंप अडकतो. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटपाशी कान लावा, दोन-तीन सेकंद गुणगुण आली पाहिजे. आली तर पंप फिरतोय, दाब बरोबर आहे का ते गेजनं बघायचं, अशा गाड्यांत ३ बारच्या आसपास लागतो.

अर्थिंग सगळीकडं चांगली निघाली आणि तरी पी०३३५ उरला तर मग क्रँकचं वेगळं बघू. स्कॅनरच्या लाईव्ह डेटात आरपीएम लावून सेल्फ मारा, २०० च्या वर काहीतरी दिसलं पाहिजे. शून्यच राहिलं तर सिग्नल पोचत नाही. नवीन सेन्सर टाकलाय म्हणून तो चांगलाच असं धरू नका, बाजारात डुप्लिकेट माल भरपूर आहे, आणि सेन्सर आणि दातेरी चकतीमधली फट जास्त राहिली तरी सिग्नल मरतो. तो बसतो त्या जागी जुनी ओ रिंग किंवा गंजाची खपली राहिलीय का बघा. सेन्सरची वायर सायलेन्सरच्या पाईपजवळनं जात असेल तर क्लिप तुटून ती पाईपावर टेकलीय का तेही बघा, हे मी कितीतरी गाड्यांत बघितलंय.

जुन्या बाजारातला ईसीएम आणायचं म्हणतायत त्यावर एवढंच, तुमच्या गाडीला इमोबिलायझर (चावीतली चिप ओळखून चोरी रोखणारा) असेल तर दुसऱ्या गाडीचा ईसीएम तुमची चावी ओळखणार नाही. मग गाडी चालू होत नाही ती दुसऱ्याच कारणानं आणि मूळ बिघाड त्याच्याखाली गाडला जातो, नंतर येणाऱ्या मेकॅनिकला काय खरं काय खोटं कळत नाही.

जोड सापडला की गंजलेला भाग पूर्ण कापून टाका, तांबं चकचकीत लाल दिसेपर्यंत मागं जा, काळं पडलेलं तांबं सोल्डर धरत नाही. सोल्डर करा, आतनं डिंक असलेली हीट श्रिंक नळी चढवा, आणि जोडाचं तोंड खालच्या बाजूला राहील असा बांधा म्हणजे पाणी आत साठणार नाही. हे करताना बॅटरीची मायनस काढलेली असू दे. मग कोड पुसा, चालू करा, पहिली पाच मिनिटं आयडल वर-खाली झाला तर घाबरू नका, फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत गाडी उभ्या उभ्या चालू द्या.

आज-उद्या जमलं तर मला एवढे आकडे लिहा: बॅटरी सेल्फ मारताना किती, कूलंटच्या कपलरवर दोन पिनांमधे किती, आणि तीच ५ व्होल्टवाली पिन बॅटरीच्या मायनसशी मोजली तर किती. क्रँक सेन्सरला वायरी किती तेही. कपलरचा आणि किटच्या जोडांचा फोटो काढताना टॉर्च बाजूनं मारा, समोरनं मारला की हिरवा थर दिसत नाही.